कचऱ्याचा डोंगर ओट्यापाशीच थांबवू या



सकाळी उशिरा मार्केट यार्डातून गेलात तर एक दृश्य हमखास दिसते. पहाटेची लगबग ओसरलेली असते, आडत्यांचे हिशेब चाललेले असतात आणि गाळ्यांसमोर फ्लॉवरचा पाला, कोथिंबिरीच्या काड्या, केळीची पाने, दबलेले टोमॅटो यांचे ढीग पडलेले असतात. काल हा सारा हिरवा माल शेतात होता. तिथेच राहिला असता तर त्याचे खत झाले असते. इथे मात्र त्यात सुतळी, फाटक्या गोण्या, चहाचे कप आणि प्लास्टिकच्या पिशव्या मिसळतात, आणि मग तो कोणाच्याच कामाचा राहत नाही.

आजच्या पाठाचा मुद्दा याच दृश्यात आहे. पाला हा पाला असतो, पिशवी ही पिशवी असते. दोन्ही एकत्र झाले की त्यांचा कचरा होतो. शहराने डेपोवर जाणारा कचरा कमी करण्याच्या कितीही योजना आखल्या, तरी त्यांचे यश या मिसळण्यावर अवलंबून असते. आणि ते मिसळणे आपल्या घरात, ओट्याखालच्या बादलीत होते.

कचरा जातो कुठे?

आपण म्हणतो, "कचरा गेला." तो कुठे जातो? पूर्वी पुण्याचा कचरा कोथरूडला टाकला जाई. वस्ती वाढली, रहिवाशांनी विरोध केला आणि 1990 च्या दशकात गाड्या सासवड रस्त्यावरील उरुळी देवाचीकडे वळल्या. कोथरूडच्या त्या जागेवर आज मेट्रोचा डेपो आहे. उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या वाट्याला मात्र दुर्गंधी, माश्या आणि खराब झालेल्या विहिरी आल्या. शेजारी विहीर असूनही लोकांना पिण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागली.

एप्रिल 2017 मध्ये तिथे मोठी आग लागली. ग्रामस्थांनी तीन आठवड्यांहून अधिक काळ कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. त्या दिवसांत शहराच्या रस्त्यांवर ढीग साचले, आणि आपण रोज काय दुसऱ्याच्या दारात टाकतो ते पुणेकरांना आपल्याच दारात पाहावे लागले. शहर दिवसाला दोन हजार टनांहून अधिक कचरा निर्माण करते. तेवढ्यासाठी पुन्हा नवे गाव शोधणे हे नियोजन नव्हे.

ढिगात काय घडते?

आपल्याकडच्या घरगुती कचऱ्यात निम्म्याहून अधिक भाग ओला असतो, म्हणजे साली, देठ, उरलेले अन्न. ओला कचरा हवेशीर ठेवला तर कुजून खत होतो. उंच ढिगात दाबला गेला की आत हवा पोहोचत नाही. मग त्यातून मिथेन वायू तयार होतो. हा वायू पेट घेतो, म्हणून ढीग धुमसत राहतात. वातावरण तापवण्याची त्याची ताकद शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट मानली जाते. शिवाय ओल्या कचऱ्यातून काळे पाणी झिरपते आणि तळाशी अस्तर नसेल तर ते जमिनीत मुरते.

म्हणजे डेपोचे तीन मोठे त्रास, दुर्गंधी, आग आणि दूषित पाणी, मुख्यतः ओल्या कचऱ्यामुळे होतात. तेवढा वेगळा काढला तरी निम्म्याहून अधिक प्रश्न सुटतो.

नियोजनाच्या पायऱ्या

पहिली पायरी : कमी करणे. जी वस्तू घरात आलीच नाही, तिची विल्हेवाट लावावी लागत नाही. 2018 साली महाराष्ट्राने प्लास्टिक पिशव्या व थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली, ती याच विचाराने. भाजीबाजारातही हे शक्य आहे. फ्लॉवरचा जादा पाला शेतातच काढून माल क्रेटमध्ये भरला, तर पाला शेताला मिळतो आणि वाहतुकीचे वजनही वाचते.

दुसरी पायरी : वेगळे ठेवणे. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घातक असे वर्गीकरण घरातच करण्याची जबाबदारी नागरिकांवर टाकली. रोज 100 किलोहून अधिक कचरा करणाऱ्या संस्थांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवावा असेही सांगितले.

तिसरी पायरी : जवळच जिरवणे. पुण्यात रोज पाच टन ओला कचरा पचवतील असे बायोगॅस प्रकल्प निरनिराळ्या भागांत उभारले गेले. कल्पना उत्तम होती. पण काही प्रकल्प बंद पडले, काही अर्ध्या क्षमतेने चालले. देखभाल हे एक कारण. मिसळलेला कचरा हे दुसरे. प्लास्टिक घशात अडकले की यंत्र थांबते.

चौथी पायरी : उरलेलेच डेपोवर नेणे. ज्याचे खत होत नाही, जे भंगारात विकले जात नाही, तेवढेच अस्तर घातलेल्या शास्त्रीय खड्ड्यात जावे.

हे फक्त कागदावर शक्य आहे असे कोणी म्हणेल. त्यांनी सिंधुदुर्गातील वेंगुर्ले पाहावे. तत्कालीन मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथे कचरा अनेक प्रकारांत वेगळा घेतला जाऊ लागला, आणि जुन्या कचरा डेपोची जागा लोक पाहायला येऊ लागले. गाव लहान आहे हे खरे. पण पुण्याचा प्रत्येक प्रभाग म्हणजे एक गावच आहे.

ते हात कोणाचे?

पुण्याकडेही जगाला दाखवण्यासारखे काही आहे. याच मार्केट यार्डातील हमालांची संघटना बांधणारे डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली. 2008 साली महापालिकेशी करार होऊन तिच्या सभासद, ज्यांत बहुसंख्य महिला आहेत, दारोदार कचरा गोळा करू लागल्या. त्या जो कागद, पुठ्ठा, बाटल्या वेगळ्या काढून विकतात, तो माल डेपोवर जातच नाही.

आपण मिसळून दिलेली बादली याच बहिणींना हाताने उपसावी लागते. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, ही त्यांची 2017 पासूनची विनंती आहे. एक ठिपका काढायला किती वेळ लागतो?

आपल्या धर्मग्रामाचा हिशेब

समजा आपल्या धर्मग्रामात 300 कुटुंबे आहेत आणि प्रत्येक घरात रोज 2 किलो कचरा होतो. म्हणजे दिवसाला 600 किलो आणि वर्षाला 219 टन. त्यात 60 टक्के ओला धरला, तर वर्षाला सुमारे 131 टन कचरा आपण एकटेच डेपोपासून वाचवू शकतो. त्यासाठी एवढे करावे :

• घरात दोन बादल्या आणि घातक कचऱ्यासाठी एक वेगळा डबा ठेवावा. ओल्या बादलीत पिशवी घालू नये.

• जागा असेल तर भोके पाडलेल्या दोन कुंड्या घ्याव्यात. तळाशी सुका पाला, त्यावर बारीक केलेला ओला कचरा, पुन्हा सुका पाला, असे थर द्यावेत. चमचाभर आंबट ताक शिंपडल्यास कुजणे लवकर सुरू होते. वास आला तर समजावे की ओल जास्त आहे. आणखी सुका पाला घालावा. पहिली कुंडी भरली की दुसरी सुरू करावी. दोन महिन्यांत खत मिळते.

• दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून द्याव्यात. खरकटी पिशवी भंगारवाला घेत नाही.

• चर्चच्या सणाच्या जेवणात स्टीलची ताटे वापरावीत. धुण्याची पाळी विभागवार लावता येईल. वेदीवरील फुले सणानंतर खताच्या खड्ड्यात जावीत.

कुटुंबात व विभागाच्या सभेत चर्चेसाठी

1. आपल्या घरचा कचरा कोण नेते? तिचे नाव आपल्याला माहीत आहे का?

2. आठवडाभर ओला आणि सुका कचरा वेगवेगळा तोलून पाहा. कोणता अधिक भरला?

3. उद्या कचऱ्याची गाडी तीन आठवडे आली नाही, तर आपली सोसायटी काय करील? तेच आजपासून का करू नये?