जीआयएस शिकायला परदेशच गाठावा लागतो का?

प्रश्न : मी बी.आर्क.च्या शेवटच्या वर्षाला आहे. लँडस्केप आर्किटेक्चरमध्ये जीआयएस (संगणकीय नकाशा-तंत्रज्ञान) वापरून पुढे शिकायचं आहे. पण फेलोशिप फक्त परदेशात मिळतात आणि सॉफ्टवेअर महागडं असतं, असं ऐकते. घरची परिस्थिती बेताची आहे. काय करू?
— एक विद्यार्थिनी, हातोद (इंदूर)

उत्तर : धीर सोडू नका, दोन्ही समज चुकीचे आहेत. ‘नकाशा-तंत्रज्ञान’ नावाची वेगळी फेलोशिप शोधत बसू नका. आपल्याकडे पैसे बहुधा प्रवेशासोबत येतात. गेट या परीक्षेचा ‘आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग’ पेपर द्या, शेवटच्या वर्षालाही देता येतो. वैध गुणांवर मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ पदव्युत्तर प्रवेश मिळाला, तर दरमहा 12,400 रुपयांपर्यंत विद्यावेतन मिळू शकतं. भोपाळच्या एसपीएमध्ये (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) लँडस्केपचा अभ्यासक्रम आहे, म्हणजे घरापासून फार लांबही नाही. मात्र विद्यावेतनाच्या जागा आणि अटी प्रवेशाआधी संस्थेकडून लेखी घ्या. विद्यावेतन हाती यायला उशीर होऊ शकतो, तेव्हा पहिल्या सत्राच्या खर्चाची तजवीज ठेवा.

सॉफ्टवेअरचं म्हणाल, तर क्यूजीआयएस फुकट आहे. सेंटिनेल-2 ची दहा मीटर तपशिलाची उपग्रहचित्रंही फुकट मिळतात. तुमच्या शेजारचा यशवंत सागर जलाशय 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. त्याची ऑक्टोबरची आणि मेची चित्रं एकावर एक ठेवा, पाणी कुठून कुठे हटलं ती रेघ आखा, उघड्या पडलेल्या काठावर काय लावता येईल ते मांडा. परदेशी अर्जालाही असंच काम वजन देतं.

‘फेलोशिप मिळवून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्यांना दारातही उभं करू नका.