काटा लागून महिना झाला, जखम का भरत नाही?



३१ जुलैला बंदी संपली, ट्रॉलर परत दर्यात गेले आणि जेटीवर पुन्हा बोटांना चिंध्या बांधलेली माणसं दिसायला लागली. कोणाला शिंगाळ्याचा काटा लागलेला, कोणाला कोळंबीची सोंड, कोणाला चिंबोरीने धरलेलं. आपल्याकडे याला कोणी जखम म्हणतच नाही. तंबाखू दाबायचा, नाहीतर हळद लावायची, आणि पुढचं जाळं ओढायला लागायचं. बहुतेक वेळा चार-आठ दिवसांत ते भरूनही येतं. आज लिहितोय ते न भरणाऱ्या जखमेबद्दल.

निमित्त आपल्याच एका तांडेलदादांचं. गेल्या मोसमात त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात शिंगाळ्याचा काटा गेला. जखम भरली, दादा विसरूनही गेले. तीन आठवड्यांनी त्याच जागी लालसर-जांभळी गाठ आली. ताप नाही, फारसं दुखणं नाही, म्हणून दादा कामावर जातच राहिले. मग एका दवाखान्यात पाच दिवसांच्या गोळ्या झाल्या, दुसऱ्या ठिकाणी सात दिवसांच्या. बोट आखडलं तेव्हा तिसऱ्या ठिकाणी कोणीतरी त्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. त्यानंतर गाठ फुटून पाणी यायला लागलं आणि हातावर वरच्या बाजूला एका ओळीत आणखी दोन गाठी उठल्या. पाच महिने गेले. या पाच महिन्यांत दादांना कोणी विचारलं नाही की तुम्ही काम काय करता, आणि दादांनीही आपणहून सांगितलं नाही. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी हात बघितला आणि पहिलाच प्रश्न केला, "मासे हाताळता का?"

त्या जंतूचं नाव मायकोबॅक्टेरियम मरिनम. क्षयाच्या जंतूचा हा जवळचा नातेवाईक, कुष्ठरोगाचा जंतूही याच कुळातला. १९२६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयात खाऱ्या पाण्यातले मासे मरत होते, त्यांच्यात तो पहिल्यांदा ओळखला गेला. माणसालाही त्याची बाधा होते हे १९५१ साली स्वीडनमध्ये कळलं, तेही पोहण्याच्या तलावात अंग खरचटलेल्या लोकांच्या जखमांतून. खारं पाणी असो की गोडं, तो दोन्हीकडे राहतो. म्हणजे ट्रॉलरवाल्यांइतकाच हा विषय कोळंबीचं तळं सांभाळणाऱ्यांचा आहे, आणि घरी काचेच्या टाकीत रंगीत मासे पाळणाऱ्यांचाही. एका माणसाकडून दुसऱ्याला तो लागत नाही. त्यामुळे घरच्यांनी दादांचं ताट वेगळं करायची काहीच गरज नव्हती. ("क्षयाचा नातेवाईक" एवढं ऐकून काही घरांत ते झालंय, म्हणून मुद्दाम लिहितोय.)

आता नेहमीच्या गोळ्या का लागू पडत नाहीत ते बघू. या जंतूच्या अंगावर मेणासारखं जाड कवच असतं. जखमेवर सर्रास दिल्या जाणाऱ्या पेनिसिलिनच्या घराण्यातल्या औषधांचं त्याच्यापुढे काही चालत नाही. दुसरी गोष्ट, त्याला थंडावा लागतो. साधारण ३० ते ३३ अंशांत तो चांगला वाढतो, ३७ अंशांत त्याचं जमत नाही. आपल्या पोटात, छातीत ३७ अंश असतात, पण बोटं, हात, कोपर, गुडघे त्याहून थंड. म्हणून तो तिथेच मुक्काम करतो आणि धडधाकट माणसाच्या फुफ्फुसात सहसा उतरत नाही.

याच थंडाव्यामुळे प्रयोगशाळाही फसते. पू तपासायला दिला की तो बहुधा ३७ अंशांच्या पेटीत ठेवतात, दोन-तीन दिवस बघतात आणि "जंतू वाढले नाहीत" असा रिपोर्ट देतात. या जंतूला ३० अंशांची पेटी आणि काही आठवडे लागतात. पण तशी पेटी लावायची तर लावणाऱ्याला आधी संशय यायला हवा, आणि तो संशय आपणच त्याच्या डोक्यात घालू शकतो. दादांच्या वेळी बाईंनी गाठीचा छोटा तुकडा काढला, चिठ्ठीवर "मच्छीमार, माशाचा काटा, ३० अंशांवरही ठेवा" असं लिहून पाठवला, आणि मग उत्तर मिळालं.

औषधं आहेत. क्लॅरिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन, रिफॅम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल यांपैकी कोणतं, एक की दोन मिळून, हे डॉक्टर ठरवतात. कोर्स सहसा तीन-चार महिन्यांचा असतो, आणि गाठ दिसेनाशी झाल्यावरही महिना-दोन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. आपली माणसं नेमकी तिथेच सोडतात. जंतू बोटाच्या शिरेच्या आवरणात किंवा हाडात शिरला असेल तर ऑपरेशनही करावं लागतं. घरात कोणाच्या क्षयाच्या गोळ्या उरल्यात म्हणून त्या घेऊ नका. त्यातल्या आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइडला हा जंतू जुमानत नाही.

हातावर अशी ओळीने गाठींची माळ आणखी एकाचीही उठते, ती म्हणजे स्पोरोथ्रिक्स नावाची बुरशी. माती, काटेरी झुडपं, कुजका पालापाचोळा हे तिचं घर. आपल्याकडे हिमाचलच्या डोंगराळ भागात ती जास्त दिसते. पण माशाच्या काट्यातूनही ती लागल्याचं नोंदलेलं आहे. वरून दोन्ही हात सारखेच दिसतात, औषधं मात्र वेगळी. बुरशीला इट्राकोनॅझोल देतात, जंतूला ते चालत नाही. म्हणून तुकडा काढायला घाबरू नका. दोन टाक्यांचं काम असतं, त्यावर पुढचे चार महिने ठरतात.

काटा लागल्यावर दोन-सात दिवसांत बोट जांभळं होऊन आग-आग झाली, तर तो बहुधा तिसराच, एरिसिपेलोथ्रिक्स. हा मासेविक्रेत्यांचा आणि खाटकांचा जुना सोबती. यावर पेनिसिलिन छान चालतं, वेळेवर घेतलं तर काम लवकर होतं. म्हणजे किती दिवसांनी सुरू झालं हा तपशील डॉक्टरला फार कामाचा असतो. काटा लागल्याची तारीख मोबाईलमध्ये टिपून ठेवा, जखमेचा फोटोही काढा.

नॉर्वेच्या सील मारणाऱ्या खलाशांचंही असंच होतं. सील सोलताना बोट सुजायचं, सांधा सडायचा, आणि वेदना असह्य होऊन माणसं बोट कापून घ्यायची. तो जंतू मायकोप्लाझ्माच्या जातीचा. त्याला कवचच नाही, आणि पेनिसिलिन तर कवचावरच घाव घालतं. टेट्रासायक्लिन आल्यावर त्यांची बोटं वाचली. दर्या वेगळा, पण दवाखान्यात धंदा सांगावा लागतो हे तिकडेही तेवढंच खरं.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगतो, कारण इथे थांबायला वेळ नसतो. खाऱ्या पाण्यातल्या जखमेनंतर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत हात-पाय झपाट्याने सुजला, काळे-निळे फोड आले, ताप चढला, तर ते व्हिब्रिओ असू शकतं. विशेषतः मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी आणि रोज पिणाऱ्यांनी रात्र असली तरी मोठं हॉस्पिटल गाठायचं. बोट दर्यात असेल तर परत फिरायचं, मासळीचा हिशेब नंतर.

बाकी रोजचं म्हणाल तर काटा लागल्याबरोबर स्वच्छ गोड्या पाण्याने आणि साबणाने चांगलं धुवा, आत काट्याचा तुकडा राहिलाय का बघा, बीटाडिन लावा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. उघडी जखम घेऊन बर्फाच्या खणात हात घालू नका. मोजे घालून जाळं ओढता येत नाही हे आम्हालाही ठाऊक आहे. पण मासळी निवडताना आणि खण धुताना तरी घालता येतात. आणि न भरणाऱ्या जखमेवर दुकानातून "सगळ्याला चालणारं" मलम आणून चोळू नका, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. वरची लाली जाते, आतला जंतू किंवा बुरशी मोकाट सुटते.

दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, किंवा भरून परत गाठ आली, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. बांबोळीला गोमेकॉत त्वचारोग विभाग आहे. आत गेल्यावर कोणी विचारायची वाट बघू नका, आधी सांगा: "मी मच्छीमार आहे, अमुक तारखेला अमुक माशाचा काटा लागला, या या गोळ्या झाल्या."

दादांच्या गोळ्या साडेचार महिने चालल्या. गाठी गेल्या. मधलं बोट अजून पूर्ण मिटत नाही, त्यामुळे जाळ्याची गाठ ते आता डाव्या हाताने मारतात. हे लिहायला त्यांनीच सांगितलं. फक्त नाव घालू नका म्हणाले.