शब्दाच्या गळ्यातील पाटी

व्याकरणाचा तास म्हणजे रुक्षतेचा कळस, हा मुलांच्या मनातील ग्रह नोकरीच्या पहिल्याच वर्षी समूळ नाहीसा करावयाचा असा मी चंग बांधला होता. आणि त्या उत्साहाच्या भरात सहावीच्या वर्गाला मी खेळातून जे शिकविले, ते त्यांच्या डोक्यातून काढता काढता पुढे माझ्या नाकी नऊ आले.

खेळ मोठा देखणा होता. जुन्या दिनदर्शिकांची पाठकोरी पाने कापून, खळीने पुठ्ठ्यावर डकवून, त्यांवर एकेक शब्द ठसठशीत अक्षरांत लिहिला आणि त्या पाट्या सुतळीने मुलांच्या गळ्यांत अडकविल्या. मैदानात फक्कीने आठ रिंगणे आखली: चार विकारी शब्दांची, चार अव्ययांची. शिट्टी वाजताच ज्याने त्याने आपल्या जातीच्या रिंगणात धाव घ्यावयाची. चुकेल तो बाद. तपासणीस आलेले साहेब इतके प्रसन्न झाले, की शेरेबुकात त्यांनी माझ्या नावे चार कौतुकाच्या ओळी लिहिल्या.

सहामाहीच्या प्रश्नपत्रिकेत ‘राजाने देवीकडे वर मागितला’ असे वाक्य घालून ‘वर’ या शब्दाची जात विचारली होती. बहुतेक साऱ्या वर्गाने शब्दयोगी अव्यय असे लिहिले. मी चिडून कारण विचारले, तेव्हा मागच्या बाकावरील एक मुलगा शांतपणे उभा राहिला. “गुरुजी, ‘वर’ मीच होतो की! शब्दयोगीच्या रिंगणात उभा राहिलो, तेव्हा तुम्हीच शाबासकी दिली होती.”

यावर काय बोलणार? ‘माळ्यावर’ मधला ‘वर’ शब्दयोगी खरा. पण ‘वर बघ’ म्हटले की तोच क्रियाविशेषण, आणि देवीने दिलेला किंवा मांडवात बसलेला ‘वर’ चक्क नाम. ‘गोड आंबा’, ‘ती गोड गाते’, ‘त्याला गोड वर्ज्य आहे’, या तीन ठिकाणी एकच ‘गोड’ तीन निरनिराळी कामे करतो. खुद्द ‘जात’ हाच शब्द घ्या ना: आंब्याची जात हे नाम, आणि ‘मी शाळेत जात होतो’ यात तो क्रियापदाचा अंश. मोरो केशव दामले यांचे १९११ सालचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ माझ्या कपाटात होते. शब्दाची जात वाक्यातील कार्यावरून ठरते, हे मला ठाऊक नव्हते अशी सबब मला सांगता येणार नाही. देखाव्याच्या नादात मी शब्दाला वाक्यातून उपटले आणि जात त्याच्या गळ्यात कायमची बांधून टाकली.

दुसरा दोष ध्यानी यायला आणखी एक वर्ष जावे लागले. घाई असली की मुले शब्द वाचून धावत नाहीत, वर्गातल्या हुशार मुलाची पाठ बघून धावतात. आणि ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, ती मुले रिंगणात बरोबर पोहोचूनही कोरीच राहतात.

म्हणून नव्या शिक्षकांनी शिट्टी खुशाल कपाटात ठेवावी. पहिल्या दिवशी नाम आणि क्रियापद एवढ्या दोनच जाती घ्याव्यात. आठांची जत्रा एकदम भरवू नये. मुलांना रांगेत उभे करून त्यांच्याच पाट्यांचे वाक्य जुळवावे, शब्द वाक्यात काय काम करतो हे ज्याचे त्याने मोठ्याने सांगावे आणि मगच त्याच्या डोक्यावर जातीची कागदी टोपी चढवावी. वाक्य मोडले की टोपी उतरलीच पाहिजे. याबाबतीत मात्र कोणाचीही गय करू नये. केवलप्रयोगी अव्ययांसाठी तर पाटीदेखील नको, मधल्या सुटीत कान उघडे ठेवले की पुरे.

पुढे अशाच एका तासाला ‘जात’ ही पाटी एका मुलीच्या वाट्याला आली होती. तीन वाक्ये जुळली, मोडली, टोप्या चढल्या, उतरल्या. ही आपली भिंतीशी उभी. “तुझी टोपी कोणती गं?” असे मी विचारले, तर सुतळीशी चाळा करीत म्हणाली, “मला अजून कुणी वाक्यात घेतलंच नाही, गुरुजी.”