जनावराचा नफका
नांगराला निरुपयोगी झालेला बैल मोकाट सोडला म्हणजे मालक सुटला काय? नाही. जनावराचे चारापाणी, अर्थात नफका, मालकावर वाजिब आहे. चरून पोट भरत नसेल तर दावणीला वैरण घातलीच पाहिजे. मालकाने हात आखडल्यास शाफई फिकहनुसार (आपले कोकणी बांधव याच मसलकचे) काझी सक्ती करतो: चारा घाल, विक किंवा जबह कर. हनफींमध्ये इमाम अबू यूसुफ यांचे मतही सक्तीचेच. महाराष्ट्रात बैलापुरता तिसरा मार्ग २०१५ पासून कायद्याने बंद आहे. त्यामुळे पहिल्याची जबाबदारी वाढली, सरली नाही. अबू दाऊदमधील हदीसनुसार एका अन्सारीच्या बागेत प्रेषितांना (स.) पाहून उंट कण्हला, त्याचे डोळे पाझरले. प्रेषितांनी (स.) आधी त्याला कानामागे कुरवाळले, तो शांत झाल्यावरच मालकाची चौकशी केली आणि उपासमार व अतिश्रमाबद्दल त्याला अल्लाहचे भय घातले.