मूल होत नसेल तर डॉक्टरांकडे कुणी जायचे?



लग्नाला दोन-तीन वर्षे झाली की बाप्तिस्म्याच्या जेवणावळीत कुणीतरी हमखास विचारते, "काही गोड बातमी?" प्रश्न नेहमी सुनेला असतो. मुलाला कुणी विचारत नाही.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील हन्नाचेही असेच झाले. सवत पनिन्ना तिला डिवचत असे. हन्ना मंदिरात ओठ हलवत रडत होती, तर एली याजकाला वाटले बाई दारू प्यालेली आहे. दुःख न विचारता निष्कर्ष काढण्याची सवय याजकांनाही होती, हे पवित्र शास्त्राने लपवलेले नाही.

बी पुरुषाचे, शेत स्त्रीचे. पीक आले नाही तर शेत नापीक, हा समज फार जुना. ॲरिस्टॉटलसारखा तत्त्वज्ञही सांगे की जीवाला आकार देणारी शक्ती बापाकडून येते, आई फक्त द्रव्य पुरवते. सस्तन प्राण्यांचे बीजांड कार्ल फॉन बेअर यांनी १८२७ मध्ये शोधले. म्हणजे चूक उघड होऊन दोनशे वर्षे होत आली, पण आपल्या घरांत अजून शेतालाच दोष दिला जातो. प्रत्यक्षात जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही कारण सापडते, एकटे किंवा पत्नीच्या कारणासोबत.

वर्षभर एकत्र राहून गर्भ राहिला नाही तर डॉक्टरांना भेटावे. पत्नीचे वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांनीच. आणि पहिल्या दिवशी दोघांनी जावे. पुरुषाची वीर्य तपासणी सोपी आणि स्वस्त असते. ती टाळून पत्नीच्या पोटावर दुर्बिणीची शस्त्रक्रिया करून घेणे हा अन्याय आहे. (नमुना कसा द्यावा याविषयी मनात शंका असल्यास खुशाल मला विचारा.) तंबाखू, गुटखा, दारू आणि सततची उष्णता यांनी शुक्राणू कमी होतात. आपल्या भिवंडीत यंत्रमागाच्या उकाड्यात बारा-बारा तास उभे राहणाऱ्यांनी हे डॉक्टरांना जरूर सांगावे. नवे शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे सवय सोडल्याचा गुण लगेच दिसत नाही.

स्त्रियांमध्ये थायरॉईड, पीसीओडी, बंद गर्भनलिका ही कारणे आढळतात. आपल्या देशात आणखी एक कारण आहे, गर्भाशयाचा व नलिकांचा क्षयरोग. त्यात खोकला नसतो, म्हणून तो वर्षानुवर्षे कळत नाही. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

"फादर, चर्चला हे चालते का?" होय. औषधे, हार्मोन्सचे उपचार, नलिकांची शस्त्रक्रिया, स्त्रीबीज सुटण्याचे दिवस ओळखणे, यांतले काहीही निषिद्ध नाही. १९८७ च्या 'दोनुम विते' या शिकवणपत्राने एक भेद केला: पती-पत्नीच्या मीलनाला मदत करणारा उपचार योग्य, त्याची जागा घेणारा नाही. म्हणून टेस्ट ट्यूब बेबीची पद्धत ख्रिस्तसभा स्वीकारत नाही. त्यात गर्भ प्रयोगशाळेत तयार होतात आणि अनेकदा काही गोठवले किंवा टाकून दिले जातात. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी १९८६ मध्ये असे बाळ जन्मले, तेव्हापासून हा प्रश्न आपल्या दाराशी आहे. ही शिकवण कठीण आहे, हे मी मान्य करतो. पण त्याच पत्रात हेही आहे की असे जन्मलेले प्रत्येक बाळ देवाच्या चांगुलपणाची देणगी म्हणून स्वीकारावे. तेव्हा कुणाच्या लेकराकडे बोट दाखवू नका.

ज्यांना उपचारांनंतरही मूल झाले नाही त्यांचा विवाह अपुरा ठरत नाही. दत्तक घ्यायचे असेल तर बाल न्याय कायद्यामुळे आज ख्रिस्ती जोडप्यांनाही कायदेशीर आई-वडील होता येते. पूर्वी आपल्याला केवळ पालकत्व मिळत असे. नोंदणी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे, म्हणजे 'कारा'कडे होते. लग्नाला दोन वर्षे झालेली असावी लागतात आणि वाट पाहावी लागते, कधी काही वर्षे.

या विषयावर बोलायचे असेल तर मिस्सानंतर थांबा. दोघे मिळून आलात तर अधिक बरे.

आपला धर्मगुरू