आधी घरची लाइन वाच

म्युनिकला शिकायला निघालीस. गाड्यांचं वेड तुला लहानपणापासूनचं, तेव्हा सुट्टीच्या दिवशी तू कुठल्या ना कुठल्या फलाटावरच सापडशील, हे मी जाणून आहे. म्हणून निघण्याआधी मामाचे हे कानमंत्र गाठीला बांध. सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: ज्याला घरची लाइन वाचता येते, त्याला परगावची लाइन परकी वाटत नाही. आणि आपली लाइन काही साधीसुधी नाही. कसारा लाइनीवरच्या आपल्या खडवलीवरून जाणारे रूळ १८५५ मध्येच वासिंदला पोचले होते. लंडनची भुयारी रेल्वे १८६३ ची, म्हणजे आपल्याहून धाकटी.

इंडिकेटर आधी, गाडी नंतर. दादरला 'टीएल' लागलं की आपण चढत नाही. ती टिटवाळ्यालाच संपते. खडवलीसाठी 'एएन' म्हणजे आसनगाव, नाहीतर 'एन' म्हणजे कसारा लागते. कल्याणला लाइन फुटते, एक ईशान्येला कसाऱ्याकडे आणि दुसरी आग्नेयेला कर्जतकडे. म्हणून कसाऱ्याला नॉर्थचा 'एन' आणि कर्जतला साउथचा 'एस'. पॅरिसच्या आरईआर गाड्यांचंही असंच आहे. त्यांना चार अक्षरांचं सांकेतिक नाव असतं आणि पहिल्या अक्षरावरून शेवटचं स्टेशन कळतं. बर्लिनच्या गोल फिरणाऱ्या लाइनवर एस-४१ घड्याळाच्या काट्यांप्रमाणे जाते, एस-४२ उलटी. नव्या शहरात पहिल्याच दिवशी ही अक्षरं-आकडे शिकून घे, नकाशा त्यानंतर.

गेट नाही म्हणजे फुकट नाही. आपल्या लोकलला गेट नाही, टीसी असतो. म्युनिक, व्हिएन्ना, बर्लिन, प्राग इथेही बहुतेक तसंच. फरक एवढाच, की छापील तिकिटावर बऱ्याचदा फलाटाच्या वाटेवरच्या किंवा गाडीतल्या यंत्रात तारीख-वेळेचा छाप मारून घ्यावा लागतो. छाप नसेल तर तिकीट असून नसल्यासारखं, आणि तपासनीस साध्या वेशात येतात. जर्मनीत मे २०२३ पासून देशभर चालणारा एक मासिक पास आहे. त्यावर मेट्रो, ट्राम, बस आणि जवळपासच्या रेल्वेगाड्या चालतात. लांब पल्ल्याच्या जलद गाड्या चालत नाहीत. गाडीवेड्या माणसाला याहून मोठी सोय नाही. कुठेही उतर, कुठेही चढ.

दार आपलं आपण उघडायचं. आपल्याला उघड्या दारांची सवय. तिकडे गाडी थांबली तरी पुष्कळदा दार मिटलेलंच राहतं. बाहेर बटण असतं, म्युनिकच्या जुन्या मेट्रो डब्यांना ओढायची मूठ असते. ते केलं नाहीस तर गाडी डोळ्यांदेखत निघून जाईल. आणि चालत्या गाडीत चढायची-उतरायची सवय इथेच सोडून जा. ती इथेही वाईटच.

लाइन कुठे आवळते ते शोध. गाडी उशिरा का आली, हे शेजारच्या प्रवाशाला विचारून कळत नाही, रूळ मोजून कळतं. कल्याणच्या पुढे कसाऱ्याकडे दोनच मार्ग, एक जाण्याचा आणि एक येण्याचा; त्यावरच लोकल, मेल आणि मालगाडी. मेल रखडली की आसनगाव लोकल रखडलीच. तिसऱ्या लाइनचं काम त्यासाठीच चाललंय. म्युनिकलाही तेच दिसेल. १९७२ च्या ऑलिंपिकच्या तोंडावर शहराखालून दोन रुळांचा बोगदा सुरू झाला आणि एस-बानच्या, म्हणजे उपनगरी गाड्यांच्या, जवळजवळ सगळ्या लाइनी त्यातून जातात. एक गाडी अडली की दूरदूरच्या उपनगरांत लोक घड्याळ बघत उभे. तिथेही दुसऱ्या बोगद्याचं काम सुरू आहे. हे कळलं की तू नुसती प्रवासी राहत नाहीस, जाणकार होतेस.

वीज कुठून येते ते बघ. मुंबईत पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला धावली. बर्लिनच्या आजच्या एस-बानची पहिली विजेची गाडी त्याच्या जेमतेम सहा महिने आधीची. आपल्याकडचं १५०० व्होल्ट डीसी मेन लाइनवरून २०१५ मध्ये गेलं, आता २५ हजार व्होल्ट एसी आहे. नेदरलँड्सच्या बहुतेक गाड्या मात्र अजून १५०० वरच चालतात. म्युनिकच्या मारियनप्लात्स स्टेशनात दोन तऱ्हा एका जागी बघ: एस-बानला डोक्यावरची तार, मेट्रोला रुळाशेजारचा तिसरा रूळ. त्या तिसऱ्या रुळातून वीज वाहते, म्हणून काही खाली पडलं तर स्वतः उतरायचं नाही. कर्मचाऱ्याला सांगायचं.

फोटोसाठी जीव धोक्यात घालू नकोस. रूळ ओलांडणं हा आपल्याकडे १९८९ च्या रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. पिवळ्या पट्टीच्या मागे उभी राहा, मोटरमनच्या डोळ्यांवर फ्लॅश मारू नकोस. म्युनिकच्या मुख्य स्टेशनाजवळ हाकरब्रुके नावाचा लोखंडी पूल आहे. त्याच्या कमानींवर बसून लोक खालून जाणाऱ्या गाड्या बघतात. अशा जागा प्रत्येक शहरात असतात.

जाण्याआधी एक दिवस कसाऱ्याला घालव. घाटाचा चढ सदतिसाला एक, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. इगतपुरीकडे निघालेल्या मेलला मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात. ती जोडताना बघ, धक्का कसा सांभाळून देतात ते बघ, गाडी हलताना मागचा आवाज ऐक. मग स्टुटगार्टला गेलीस की तिथली दातेरी रुळाची गाडी बघ. १८८४ पासून ती चढ चढते आहे, आणि सायकली ठेवलेला छोटा डबा पुढे ढकलत वर नेते. प्रश्न चढाचाच, तोड वेगळी.

काढून टाकलेलं परत येतं, हे ध्यानात ठेव. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. पॅरिसनेही १९३८ पर्यंत आपल्या ट्राम काढून टाकल्या होत्या आणि १९९२ मध्ये उपनगरात नवी लाइन टाकली. काही ठिकाणी तर जुनं काढलंच नाही: बुडापेस्टची १८९६ ची भुयारी लाइन आणि वुप्पर्टालची १९०१ पासूनची लटकती रेल्वे आजही रोजच्या माणसांना कामावर नेतात. तिथे नुसतं 'किती जुनं' म्हणून थांबू नकोस. दुरुस्ती कोण करतं, पैसा कुठून येतो, गर्दीला किती मिनिटांनी गाडी सुटते, हे विचार.

एक वही कर. तारीख, लाइन, डब्याचा नंबर, काय चांगलं वाटलं आणि ते कशामुळे शक्य झालं, एवढं रोज लिही. तिकडचं कौतुक करायला माणसं पुष्कळ आहेत. आपल्या लाइनवर ते कसं आणता येईल, हे कारणांसकट सांगणारी माणसं हवी आहेत. तू त्यांतली हो.