कोंडी : शब्द एक, अर्थ तीन

इंग्रजीच्या तासाला ‘इम्पास’ हा शब्द आला. मी वहीत अर्थ लिहिला, ‘कोंडी’. पुढे ‘स्टेलमेट’ व ‘डेडलॉक’ आले. त्यांच्यापुढेही ‘कोंडी’च लिहिले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे घरी विचारायला कोणी नाही. म्हणून ग्रंथालयात कोश काढून बसलो. तेव्हा कळले की, या तिन्ही कोंड्या वेगवेगळ्या आहेत.

‘इम्पास’ हा मूळचा फ्रेंच शब्द. पुढे वाट नसलेला बोळ, असा त्याचा अर्थ. अशा बोळाला जुना शब्द होता ‘पोत्याचे बूड’. अठराव्या शतकात व्हॉल्टेअरला तो असभ्य वाटला आणि त्याने ‘इम्पास’चा पुरस्कार केला. येथे अडचण वाटेची असते. मागे तरी फिरावे, नाहीतर भिंत तरी हलवावी. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये एकेकाळी शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी भिंत हलविली. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना बंद होते. गुरुजींनी १ मे १९४७ रोजी उपोषण आरंभिले. मंदिर खुले करण्याचे ठरल्यावरच ते सुटले.

‘स्टेलमेट’ बुद्धिबळातला. राजाला शह नाही. पण ज्याची पाळी, त्याला नियमात बसणारी एकही खेळी उरलेली नाही. डाव बरोबरीत संपतो. येथे पुढे करण्यासारखे काही राहतच नाही.

‘डेडलॉक’ची गंमत शेरिडनच्या १७७९ सालच्या ‘द क्रिटिक’ या नाटकात आहे. रंगमंचावर सर्वांनी एकमेकांवर शस्त्रे रोखलेली. जो आधी खाली घेईल तो मरेल! अखेर एक तिसराच येऊन राणीच्या नावाने सर्वांना एकदम शस्त्रे टाकावयास लावतो. आपला सीमाप्रश्न याच जातीचा. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल कर्नाटकाने उचलून धरला, महाराष्ट्राने नाकारला. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. तेथेही तिसऱ्याचीच गरज पडली.

हे वाचताना मला आमची विहीर आठवली. ती आबांची व काकांची सामाईक आहे. मोटार जळाली, तेव्हापासून दोघांचे एकच म्हणणे : “आधी त्याने पैसे काढावेत.” पाणी विहिरीत आहे, कपाशी वरती सुकते आहे. घरात सारे म्हणतात, आता काही होणे नाही. म्हणजे ते याला ‘स्टेलमेट’ समजतात. माझ्या अल्पमतीप्रमाणे हा ‘डेडलॉक’ आहे. वाट बंद नाही, डावही संपलेला नाही. फक्त पहिला हात कोणी सोडायचा, एवढाच प्रश्न आहे.

दिवाळीच्या सुटीत मी दोघांनाही म्हटले, “एकाच दिवशी, एकाच वेळी, पैसे आजीच्या हातात द्या.” आबा काही बोलले नाहीत. काका म्हणाले, “कॉलेजात हेच शिकवतात का रे?” पण ते नाही म्हणाले नाहीत.

वहीतले तीन अर्थ मी आता वेगवेगळे लिहिले आहेत. कोंडी कोणती हे कळल्यावाचून ती फोडणार कशी?